कुणीतरी फोडलेला नारळ

एत्तोरेनं स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं मागाच्या कंट्रोलच्या डब्यातून एक ओला काथ्या उचलला, माझ्या नाकासमोर धरला आणि विचारलं, "सिन्योरा, हे काय आहे?"

"नारळ," मी म्हटलं. मग इटालियनमध्ये सांगितलं.

"नारळ. इथे आत?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. इचलकरंजीत आल्यापासून त्याला इतक्या गोष्टींचं नवल वाटून झालं होतं की आता शिल्लकच उरलं नसावं. त्यानं डब्याच्या तळाशी बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि मान हलवली. मग आतलं हिरवं सर्किटचं कार्ड अलगद ओढून काढलं. ते एका कोपऱ्यात काळं ठिक्कर पडलं होतं.

भोवती चाळीसेक माणसं दसऱ्याचे नवे कपडे घालून उभी होती. नव्या कपड्यांचा तो कडक वास आणि त्यात जळक्या वायरीचा वास मिसळलेला. बारा नवे माग मुहूर्तावर एकदम सुरू व्हायचे होते. मालकांच्या वडिलांनी, थोरल्या आप्पांनी, बटण दाबलं, अकरा माग धडधडले आणि दाराजवळचा पहिलाच माग फुस्स करून धूर सोडत गप्प बसला. आप्पा घाबरले म्हणून त्यांना समोरच्या घरी नेऊन बसवलं होतं.

"की ए स्तातो?" एत्तोरेनं विचारलं. कोणी केलं हे?

मी मराठीत विचारलं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मागून कुणाचा तरी आवाज आला, "कुणी फोडला काय की, मॅडम."

"क्वालकूनो," मी एत्तोरेला सांगितलं. कुणीतरी.

ही वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा पुण्यात इटालियन शिकवायचे आणि अधूनमधून दुभाष्याची कामं घ्यायचे. इटालियन शिकले ती फ्लॉरेन्सला जाऊन मोठमोठी चित्रं बघायची या हौसेनं. पण कर्म बघा, त्या भाषेनं मला नेलं कुठं, तर भोसरीला, चाकणला आणि आता इचलकरंजीला. चित्रं राहिली बाजूला, नटबोल्ट आणि ग्रीसची इटालियन नावं तेवढी तोंडपाठ झाली. त्या वर्षी तर मी अगदी विटले होते. सकाळी क्लास, दुपारी क्लास, घरी सासूबाईंचं आजारपण. ‘तीन आठवडे इचलकरंजी’ म्हटल्यावर मी कुठलीही चौकशी न करता हो म्हटलं, ते केवळ लॉजवर कुणी मला चहा कर म्हणणार नाही म्हणून.

एत्तोरे बोन्फांती हा माग बसवणारा मिस्त्री. साठी ओलांडलेला, गुडघे दुखणारा, बेर्गामोकडच्या डोंगरातला. ही त्याची शेवटची फेरी होती. इथून गेला की पेन्शन. तो रोज सकाळी कॉफीच्या नावाखाली लॉजचा चहा प्यायचा आणि म्हणायचा, "आणखी एक दिवस संपला की एक दिवस कमी." आमचं दोघांचं त्या एका बाबतीत चांगलं जमलं.

मुसळ्यांचा कारखाना तसा जुना. थोरल्या आप्पांनी हातमागावर बसून सुरू केलेला, मग साधे यंत्रमाग आले, त्यांची धडधड दोन गल्ल्यांपर्यंत ऐकू जायची. आता मुलगा अरविंद, टेक्स्टाइल शिकलेला, चाळिशीचा, त्यानं बिनधोट्याचे माग आणले. आडव्या धाग्याला धोटा लागत नाही, सगळं विजेवर. जीव गहाण टाकून आणले होते बिचाऱ्यानं, हे त्याच्या तोंडाकडे बघून कळायचं. पण या बारा मागांना माणसं लागणार होती आठ. पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, "काही जण राहतील. बाकीच्यांचं बघू."

मी भाषांतर केलं. आल्कूनी म्हणजे काही जण. लि आल्त्री म्हणजे बाकीचे.

माझ्या क्लासात या शब्दांचा एक आख्खा धडा होता. अनिश्चित विशेषणं आणि सर्वनामं. काही, कुणी, कुणीतरी, कुणीही, कुणीच नाही, प्रत्येक, सगळे, दुसरे, पुष्कळ. पोरं त्या धड्याला वैतागायची. ‘क्वाल्के’ म्हणजे ‘काही’, पण पुढचं नाम मात्र एकवचनी. ‘ओन्यी’ म्हणजे ‘प्रत्येक’, पण त्याला सोबतीला नाम हवंच, एकटं उभं राहिलं की चुकलं. एकटं उभं राहायचं असेल तर ‘ओन्यूनो’. वर्षानुवर्षं हे सांगून माझा घसा बसलेला. ‘आल्कूनी’ शिकवताना मी उदाहरण द्यायचे, काही मुलं बागेत खेळतात. इथं समोरचा प्रत्येकजण आजूबाजूची माणसं मोजायला लागला होता, आणि माझं उदाहरण मला फारच पोरकट वाटायला लागलं.

कोण राहणार ते एत्तोरेनं ठरवायचं होतं. त्यानं पहिलं नाव सांगितलं ते लाटवडे जॉबरचं. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, कामगारांवर लक्ष ठेवणारा माणूस. लाटवडे पन्नाशी उलटलेला, किडकिडीत, पांढऱ्या मिशांचा. ऐन तरुणपणापासून याच शेडमध्ये. नवीन गोष्ट शिकायला त्याला वेळ लागायचा, पण एकदा शिकला की पुन्हा विचारायचा नाही. त्याची बायको आमच्यासाठीही भाकरी-ठेचा पाठवायची. एत्तोरे ठेचा खाऊन डोळे पुसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागायचा. अरविंदशेठच्या मनात तरुण पोरं ठेवायची होती, पण एत्तोरे म्हणाला, हा पहिला. लाटवडेला ते सांगितलं तेव्हा तो नुसता भिंतीला टेकला. गावातल्या साध्या मागांच्या शेड एकामागून एक बंद पडत होत्या. या वयाच्या जॉबरला दुसरीकडे कोण दारात उभं करणार? इथली जागा राहिली तर राहिली, नाहीतर घरी बसणं.

तर दसऱ्याच्या सकाळी हे नारळाचं झेंगट निघालं.

मागाची पूजा आदल्या दिवशी, खंडेनवमीला झाली होती. जुन्या लोखंडी मागांच्या काळात आप्पा स्वतःच्या हातानं नव्या मागाच्या पायावर नारळ फोडायचे, ही या घराची रीतच. लोखंडाला काय होतंय? पाणी पुसलं की झालं. या खेपेला मात्र अरविंदशेठनं बजावलं होतं, फुलं वाहा, कुंकू लावा, नारळ दाराबाहेरच्या दगडावर. तसं झालंही. मी आणि एत्तोरे सकाळच्या पूजेला होतो, प्रसाद घेतला आणि लॉजवर परतलो. दुपारभर आम्ही लॉजच्या गच्चीत बसलो होतो. त्यानं मोजे धुऊन वाळत घातले आणि बायको मक्याच्या पिठाचं पिठलं कसं ढवळते ते मला सांगत बसला. म्हणजे नारळ डब्यावर फुटला तो आमच्या मागे, दुपारी.

एत्तोरेनं ऑफिसातून त्याच्या कंपनीला फोन लावला. बराच वेळ ‘हं, हं’ करत राहिला. मग रिसीव्हर हातानं झाकून मला म्हणाला, "त्यांना नाव पाहिजे. एका माणसाची चूक असेल तर फक्त हे कार्ड गॅरंटीतून बाद. नाव नाही मिळालं तर ते म्हणतात, अख्खी शेडच अशी आहे. बाराही मागांची गॅरंटी बंद."

मी हे अरविंदशेठला सांगितलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो तसाच शेडमध्ये गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ज्यानं कुणी हे केलंय, त्यानं पुढं यावं. त्याला मी पुन्हा शेडात पाऊल टाकू देणार नाही. तोंडावर सांगून ठेवतो. आणि लपवालपवी केली तर आठच्या आठ माणसं बाहेरून आणीन."

कुणी हललं नाही.

"मी विचारलं तर सांगायची नाहीत ही," तो मला म्हणाला. "एकेकाला याच्यासमोर बसवा. परक्या माणसापुढं खोटं बोलवत नाही."

"शेठ, त्याला मराठी कुठं येतं?"

"तुम्ही आहात की."

झालं. मी म्हटलं, आलीया भोगासी. कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी एक टेबल मांडलं. एका बाजूला एत्तोरे, शेजारी मी, मागे हाताची घडी घालून अरविंदशेठ. समोर एक स्टूल. माणसं एकेक करून येऊन बसायला लागली.

"नारळ कोणी फोडला?"

"कुणीतरी फोडला आसंल की."

क्वालकूनो.

"तुम्ही पाहिलंत का?"

"न्हाई. कुणीच न्हाई बघितलं."

नेस्सूनो.

"तिथं कोण कोण होतं?"

"सगळीच हुती. सण नव्हं का? येणारं जाणारं कुणीबी येतंय."

तुत्ती. किऊंक्वे. सगळे, कुणीही.

पुढचा म्हणाला, "आमी परत्येकजण आपापलं काम करत हुतो." मी इतकी दमले होते की ‘ओन्यी’ म्हणून वाक्य तसंच सोडून दिलं. एत्तोरेनं माझ्याकडे बघितलं.

"ओन्यूनो, सिन्योरा," तो हळूच म्हणाला.

"माफ करा. ओन्यूनो."

वर्षानुवर्षं पोरांच्या वह्यांत लाल रेघ मारलेली चूक, आणि ती मीच केली. मला हसूही आलं आणि रडूही. दुपार चढत होती, पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. माणसं येत होती, तेच तेच सांगून जात होती. कुणी छताकडे बघून बोलत होतं, कुणी आपल्या चपलेकडे. एकजण तर म्हणाला, "नारळ? कसला नारळ?" अरविंदशेठनं कपाळावर हात मारला. धडा संपवायला मला पुण्यात महिना लागायचा, इथं तासाभरात उजळणी झाली. आणि ही माणसं घाबरलेली दिसत नव्हती, हे माझ्या लक्षात आलं. आठ जणांच्या जागेसाठी चाळीस जण जीव टाकत होते. एक नाव सांगितलं असतं तर एक स्पर्धक कमी झाला असता. तरी एकाच्याही तोंडून नाव येईना.

मग लाटवडे येऊन बसला. त्याच्या मागे रांगेत सुताच्या कांड्या भरणारी बाळाबाई उभी होती, गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर पदर.

"नारळ कोणी फोडला?" मी विचारलं. आवाजात जीवच राहिला नव्हता.

"मी फोडला," लाटवडे म्हणाला.

मागे अरविंदशेठचे हात सुटले. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला, शांतपणे, वेळ विचारल्यावर सांगावी तसा.

"सांगा त्याला," अरविंदशेठ म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. त्यालाही हे नाव नको असावं.

सकाळपासून पहिल्यांदाच मला ‘इओ’ हा शब्द वापरावा लागला. मी. एत्तोरेनं ऐकलं. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला. मग म्हणाला, "शेठना सांगा. यानं मला विचारलं होतं. काल दुपारी. नारळ दाखवला, मागाकडे बोट केलं. मी मान हलवली, हो म्हटलं. मला वाटलं जमिनीवर फोडणार. म्हणजे चूक माझी. कंपनीला मी तसं कळवतो. कार्ड फुकट येईल, गॅरंटीला धक्का नाही."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. काल दुपारी हा माणूस माझ्यासमोर मोजे पिळत होता.

"एत्तोरे," मी त्याच्या भाषेत म्हटलं, "काल दुपारी आपण..."

"भाषांतर करा, सिन्योरा."

"तुमची शेवटची फेरी आहे. तुमच्या नावावर लागेल हे."

"लागू दे. आमच्या खोऱ्यातली गिरणी बंद झाली तेव्हा मी अशाच एका टेबलापुढे बसलो होतो. स्टुलावर. भाषांतर करा."

मी केलं. दुभाष्याचं काम तेवढंच असतं, समोरचा बोलेल ते दुसऱ्या भाषेत सांगायचं. अरविंदशेठनं सुस्कारा सोडला. गॅरंटी वाचली. तो खुर्ची ओढून बसला आणि कितीतरी वेळानं पाणी प्यायला. पण लाटवडे समोरच होता, आणि शेठनं सगळ्यांदेखत शब्द दिला होता.

"लाटवडे, काय करून बसलास रे?" तो म्हणाला. "मी काय बोललोय ते ऐकलंस ना?"

"ऐकलंय की, शेठ."

अरविंदशेठ थोडा वेळ टेबलावर बोटं वाजवत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. "असं करू. आप्पांना बोलावू. त्यांच्या शब्दापुढं माझा शब्द नाही. ते म्हणतील तसं." माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "आप्पांचा जीव आहे त्याच्यावर. ते कशाला काढतात? माझीही सुटका."

मला तो माणूस त्या क्षणी फार आवडला. एक जण आप्पांना आणायला गेला.

लाटवडे बाहेर नळावर तोंड धुवायला गेला होता. मी मागोमाग गेले. मला त्याचा राग आला होता, खरंच सांगते.

"अहो लाटवडे, सगळे कुणीतरी कुणीतरी म्हणत होते. तुम्हाला कुणी सांगितलं होतं हरिश्चंद्र व्हायला? जागा गेली असती ना."

तो पाणी निथळत उभा राहिला. "ताई, माझ्या मागं बाळाबाई हुती. माळकरी बाई. ती खोटं बोलत न्हाई. तिला इचारलं आसतं तर तिनं नाव सांगितलं आसतं."

"तुमचं?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. "आप्पांचं."

मी वाहता नळ बंद केला.

"काल दुपारी आमी डबा खात हुतो, शेठ घरी जेवाय गेल्ते. आप्पा आले, हातात नारळ. सकाळची पूजा झाल्याली पार इसरले. म्हणले, नव्या मागाला अजून नारळ न्हाई? आनि दाराजवळच्या मागाकडं गेले. पाया सापडंना, म्हणून डब्याच्या कोपऱ्यावर आपटला. मग सगळ्यास्नी खोबरं वाटलं. मला पयलं."

"आणि तुम्ही कुणी अडवलं नाही?"

"आप्पास्नी?" मी काहीतरी अचाट विचारल्यासारखा तो माझ्याकडे बघायला लागला. "माग पुसला आमी. आत पाणी गेलंय ते कळलं न्हाई."

आप्पांना विसर पडतो हे मला माहीत होतं. ते रोज शेडमध्ये यायचे आणि रोज नव्यानं मला विचारायचे, "तुम्ही कुणाच्या, बाळ?" मी रोज सांगायचे, पुण्याहून आले, भाषा सांगायला. ते म्हणायचे, बरं झालं.

"मग शेठना खरं सांगा की," मी म्हटलं. "बापाला काय शिक्षा करणार आहेत ते?"

"शिक्षा न्हाई. पण शेड बंद करतील त्यांची. आत्ताच म्हणायला लागल्यात, आप्पा, आता नका येत जाऊ, लागंल कुठंतरी. ताई, घरात आप्पास्नी सुनंचं नाव आठवत न्हाई. हितं आले की चाळीसच्या चाळीस नावं सांगतात. शेड तुटली तर किती दिस काढतील ते?" त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. "आनि आता तुमच्या सायबानं वाचिवलंय मला. आप्पा काय मला काढत न्हाईत. तुमी कुठं बोलू नगा. शपथ हाय."

मी मान हलवली. खरं तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी नळ सोडून हात धुवायला लागले.

आप्पा आले. नवी टोपी, नवं धोतर, कपाळावर गंध, दोन्ही बाजूंनी दोघांनी धरलेलं. शेडमध्ये शिरल्याबरोबर त्यांची मान ताठ झाली. येता येता त्यांनी दोघा-तिघांना नावानं हाक मारून बायकापोरांची चौकशी केली. माझ्याजवळ थांबले, म्हणाले, "तुम्ही कुणाच्या?" मी सांगितलं. अरविंदशेठनं त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

"आप्पा," अरविंदशेठ म्हणाला, अगदी खुशीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "लाटवडेनं पूजेला नव्या मागावरच नारळ फोडला. पाणी आत गेलं, कार्ड जळलं. त्यानं कबूल केलंय. साहेब म्हणतो चूक त्याची स्वतःची आहे, नुकसान काही नाही. पण मी आधी बोलून बसलोय की करणाऱ्याला काढणार. आता तुम्ही म्हणाल तसं."

आप्पांनी लाटवडेकडे बघितलं. मग मागाकडे. चालत गेले, डब्याच्या उघड्या झाकणावर हात ठेवला. आत वाकून बघितलं. एत्तोरेनं टॉर्च मारली. जळका कोपरा त्यांना नीट दिसला असावा. बराच वेळ ते तसेच उभे होते. मला वाटलं, आता आठवेल.

"मशिनीवर?" आप्पा म्हणाले.

"होय आप्पा."

"हे लोखंड हाय व्हय?" ते लाटवडेकडे वळले. आवाज एकदम करडा झाला. "इजेचं मशीन हे. ल्हान पोराला कळंल. पोरानं रक्त आटवून आणलंय, आनि तू त्याच्यावर पाणी वततोस? इतकी वर्सं माझ्या हाताखाली काय शिकलास?"

"आप्पा, तसं नाही..." अरविंदशेठ घाईघाईनं म्हणाला.

"तू थांब. मला इचारलंस नव्हं?" आप्पांनी काठी जमिनीवर टेकवली. "काढ त्याला. जॉबरला एवढं कळत न्हाई तर दुसऱ्यास्नी काय शिकवणार? आजच काढ."

अकरा माग कधीच बंद केलेले होते, त्यामुळे शेडमध्ये ते सगळ्यांना नीट ऐकू गेलं. चाळीस माणसं समोर उभी होती, आणि त्यातल्या प्रत्येकानं आदल्या दुपारी आप्पांच्या हातचं खोबरं खाल्लेलं होतं. बाळाबाईनं पदर तोंडावर घेतला आणि ती भिंतीकडे वळली. अरविंदशेठ बापाकडे आणि लाटवडेकडे आळीपाळीनं बघत होता. सगळ्यांसमोर त्यानं स्वतःच बापाच्या हातात निकाल दिला होता, आता तो परत कसा घेणार?

मी एक पाऊल पुढं टाकलं. "आप्पा, काल दुपारी..."

लाटवडेनं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

"काय म्हणत हुता, बाळ?" आप्पांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

एत्तोरेनं माझी बाही ओढली. "काय म्हणाले ते?"

"काढा म्हणाले."

"कोणाला?"

मी लाटवडेकडे हात केला. एत्तोरे पुढे झाला आणि लाटवडेच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्यानं सगळ्या माणसांवरून एकदा नजर फिरवली. "आणि कुणीच काही बोलत नाही?" त्यानं मला विचारलं.

त्याला काय सांगू? नळावर जे ऐकलं ते त्याच्या भाषेत सांगायला माझ्याकडे शब्द होते, पण शपथ होती. मी मान हलवली. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

लाटवडेनं कमरेचा पाना काढला. टेबलावर ठेवला. खिशातली किल्ली काढून त्याच्या शेजारी ठेवली. एत्तोरेनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी बोलला, मी ते भाषांतर केलं नाही, कुणी करायला सांगितलंही नाही. मग लाटवडे आप्पांसमोर जाऊन वाकला, त्यांच्या पायांना हात लावला.

"चुकलं, आप्पा," तो म्हणाला.

आप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. इतका वेळ उभं राहून ते दमले होते. त्यांनी शेडभर नजर फिरवली, मागांकडे बघितलं, माणसांकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा करडेपणा हळूहळू निवळत गेला. खाली वाकलेल्या माणसाला त्यांनी ओळखलं आणि हसले.

"आरं लाटवडे, किती येळ झाला, जेवायची येळ टळली की," ते म्हणाले. "चल, घरी सोड मला."

"चला," लाटवडे म्हणाला.

त्यानं आप्पांचा हात आपल्या खांद्यावर घेतला, दुसऱ्या हातानं त्यांची कंबर धरली. दारात चपला सरळ करून त्यांच्या पायात चढवल्या. रस्त्यावरून सुताचा टेम्पो येत होता, तो त्यानं हात वर करून थांबवला आणि आप्पांना पलीकडे नेलं.